परदेशी नवं नाटक मराठीत आणताना: नाटककारांची देवाणघेवाण आणि रंगमंचासाठी अनुवाद

परदेशी नाटक मराठीत आणायची आपली जुनी रीत म्हणजे रूपांतर. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 1883 साली 'विकारविलसित' लिहिलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 1890 साली 'झुंझारराव' रंगभूमीवर आणलं. पुढे खानोलकरांनी जर्मन नाटककार ब्रेख्तवरून 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं, आणि पु. लं.नी बर्नार्ड शॉवरून 'ती फुलराणी' व ब्रेख्तवरून 'तीन पैशाचा तमाशा' केलं. ही सगळी मोठी कामं आहेत. पण या प्रत्येक वेळी मूळ नाटककार हयात नव्हता. गाव, नावं, काळ, सामाजिक थर सगळं बदलायची मोकळीक होती आणि विचारायला समोर कुणी नव्हतं.

आज परिस्थिती वेगळी आहे. गेल्या मोसमात बर्लिनमध्ये किंवा मेक्सिको सिटीत उघडलेल्या नाटकाचा लेखक ईमेलला उत्तर देतो, बोलावलं तर पुण्याला येऊन तालमीत बसतो. त्याने स्वतःच्या आजच्या शहराबद्दल लिहिलेलं असतं आणि ते तसंच ऐकू यावं अशी त्याची रास्त अपेक्षा असते. अशा नाटकाला रूपांतराची सवय पुरत नाही. अनुवाद लागतो, आणि माझ्या मते नव्या नाटकाचा अनुवाद तालमीच्या खोलीतच पुरा होतो. म्हणून पुढचा सगळा आराखडा एकाच हेतूने मांडला आहे: लेखक, अनुवादक आणि नट यांना काही दिवस एका खोलीत कसं आणायचं, आणि त्या दिवसांचं चीज कसं करायचं.

नमुना कुठला घ्यावा

न्यूयॉर्कच्या लार्क या संस्थेने 2006 साली मेक्सिकोच्या सरकारी कलानिधीबरोबर नाटककारांच्या देवाणघेवाणीचा उपक्रम सुरू केला. त्याची रचना साधी होती. मेक्सिकोतले नाटककार न्यूयॉर्कला येत. प्रत्येकाची जोडी अमेरिकेतल्या एका नाटककाराशी लावली जाई आणि तोच अनुवाद करी. सोबत एक दिग्दर्शक आणि नटांचा संच असे. बरेच दिवस एकत्र काम, रोज बदलणारी पानं आणि शेवटी लोकांसमोर अभिवाचन. नेपथ्य नाही, पूर्ण प्रयोगाचं ओझं नाही. 2021 साली लार्क बंद झाली, पण तिने घालून दिलेली ही पद्धत छोट्या संस्थेलाही परवडणारी आहे. अनुवादक म्हणून नाटककारच निवडायचा, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग. संवाद कुठे श्वास घेतो आणि कुठे अडखळतो, हे त्याला सांगावं लागत नाही.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरची पद्धत थोडी निराळी. एलिस डॉजसन यांनी तिथला आंतरराष्ट्रीय विभाग उभा केला आणि 2018 साली त्यांचं निधन होईपर्यंत चालवला. त्या पद्धतीत तयार नाटक उचलण्याऐवजी नवं नाटक लिहवून घेण्यावर भर होता. मुंबईत रेज प्रॉडक्शन्स या नाट्यसंस्थेबरोबर याच वाटेने 'रायटर्स ब्लॉक' झालं. भारतीय लेखकांच्या कार्यशाळा, खर्ड्यामागून खर्डे आणि शेवटी नाटकांचा महोत्सव. पहिला महोत्सव 2004 सालचा. मराठीत लिहिणारेही त्या प्रक्रियेतून गेले.

आणि आपल्याच घरचा नमुना म्हणजे ग्रिप्स. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 साली पुण्यात आणली. 'छान छोटे वाईट्ट मोठ्ठे' हे श्रीरंग गोडबोले यांनी फोल्कर लुडविग यांच्या नाटकावरून केलेलं त्या चळवळीतलं सुरुवातीचं नाटक. मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या भूमिका करायच्या, परीकथा टाळून मुलांच्या रोजच्या प्रश्नांवर बोलायचं, ही नाटक करण्याची अख्खी रीतच आपल्याकडे आली. तिथे रूपांतर योग्यच होतं, कारण पुण्यातल्या मुलाला बर्लिनचा जिना दाखवून काहीच साधलं नसतं. तेव्हा पहिला निर्णय असा: नाटकातलं ठिकाण हा विषयाचा भाग आहे की फक्त पार्श्वभूमी? विषयाचा भाग असेल तर अनुवादच करा. फक्त पार्श्वभूमी असेल तर रूपांतराचा विचार करा, पण लेखकाला आधी विचारून.

परवानगी आधी, पहिलं पान नंतर

उत्साहाच्या भरात अख्खं नाटक मराठीत करून मग हक्क मागणारे पुष्कळ भेटतात. नकार आला की वर्षाचं काम कपाटात जातं. अनुवाद करण्याचा हक्क आणि प्रयोग करण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लेखी घ्या. करारात भाषा, प्रदेश, मुदत, प्रयोगांची संख्या, मानधनाचा हिशेब आणि अभिवाचनाची मुभा स्पष्ट हवी. मराठी संहितेवर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, तोही त्यातच नोंदवा. पुस्तक छापायचं असेल तर त्यासाठी वेगळं कलम घाला.

हयात नसलेल्या लेखकांचं गणित देशागणिक बदलतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये 70. ब्रेख्त 1956 साली गेला. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं मूळ जर्मन लेखन भारतात 2017 च्या सुरुवातीपासून मुक्त आहे, जर्मनीत मात्र ते 2026 संपेपर्यंत संरक्षित. म्हणजे पुण्यात परवानगीशिवाय होणारा प्रयोग त्या मुदतीत बर्लिनच्या महोत्सवात न्यायचा तर परवानगी लागेल. शिवाय तुम्ही जर्मनवरून न करता एखाद्या इंग्रजी अनुवादावरून करत असाल, तर त्या इंग्रजी अनुवादकाचा हक्क वेगळा उभा राहतो. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. परदेशी करारात बहुधा 'लेखकाच्या संमतीशिवाय एकही शब्द बदलणार नाही' असं कलम असतं. मंडळाने काटछाट सुचवली तर तुम्ही दोन्हींच्या मधे अडकता. म्हणून ही व्यवस्था लेखकाला सुरुवातीलाच समजावून सांगा आणि असा प्रसंग आला तर कुणी, किती दिवसांत उत्तर द्यायचं हे करारात लिहा.

इंग्रजीच्या पुलावरून जाताना

कोरियन, पोलिश किंवा अरबीतून थेट मराठीत करणारे फार थोडे. त्यामुळे इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण इंग्रजीत उपलब्ध असलेली प्रत कुठल्या जातीची आहे ते तपासा. ब्रिटनमध्ये बरेचदा भाषा जाणणारा एक जण शब्दशः अनुवाद करतो आणि त्यावरून एखादा नावाजलेला नाटककार आपली आवृत्ती लिहितो. ती आवृत्ती सुरेख असेल, पण तिच्यातली एखादी कोटी, एखादा कापलेला प्रवेश, एखादा गोड केलेला शेवट मूळ लेखकाचा नसेल. शक्य असेल तर शब्दशः प्रत मागून घ्या. त्यासोबत मूळ भाषा येणारा एक माणूस बरोबर ठेवा. विद्यापीठात ती भाषा शिकवणारे, तिथे राहून आलेले मराठी लोक, कुणीही चालेल. त्याने अनुवाद करायची गरज नाही. प्रत्येक प्रवेश मूळ भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि 'हे इथे रोजचं बोलणं आहे की मुद्दाम वापरलेलं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढंच.

पहिला खर्डा

लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता करा: कोण कोणाला काय म्हणतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत प्रत्येक जोडीसाठी तू, तुम्ही, आपण, अहो यांतलं काहीतरी ठरवावंच लागतं, आणि नात्याचं वळण बदललं की तेही बदलतं. दोन पात्रं तुम्हीवरून तूवर नेमकी कोणत्या ओळीला येतात? भांडणात पुन्हा तुम्हीवर जातात का? मूळ जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश असेल तर तिथे असा भेद आहे, तो इंग्रजी प्रतीत पुसला गेलेला असतो. लेखकाला विचारण्यासारखा हा पहिला प्रश्न. आणि लेखकाला तो आवडतो, कारण उत्तर देताना त्याला आपली पात्रं नव्याने दिसतात.

दुसरा तक्ता 'आम्ही' आणि 'आपण' यांचा. आजच्या युरोपीय नाटकांत समूह प्रेक्षकांकडे पाहून बोलतो असं पुष्कळदा असतं. तिथल्या 'आम्ही'त प्रेक्षक धरलेला आहे की वगळलेला, हे मूळ भाषा संदिग्ध ठेवू शकते. मराठीत ते लपत नाही. एका ओळीत 'आपण' घातलंत की प्रेक्षक आरोपीच्या पिंजऱ्यात येतो, 'आम्ही' घातलंत की तो न्यायाधीश होतो. हा राजकीय निर्णय आहे, तो दिग्दर्शकाबरोबर बसूनच घ्या.

बोलणारा पुरुष की स्त्री, हे लपवणारी नाटकं हा आणखी अवघड प्रकार. ब्रिटिश नाटककार सारा केनच्या '4.48 सायकोसिस'मध्ये (पहिला प्रयोग 2000) पात्रांची नावंच नाहीत, कोणती ओळ कुणाची हेही दिलेलं नाही. मराठीत 'मी जातो' की 'मी जाते' म्हणताच निवड होऊन जाते. पण आपल्या व्याकरणात वाटाही आहेत. 'मी जाईन' मध्ये लिंग दिसत नाही. 'मी पाहिलं', 'मी ऐकलं' मध्ये क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. 'मला झोप येत नाही', 'माझ्याने सहन होत नाही' या रचना तर मनाच्या अवस्था सांगायला मुळातच चपखल. थोडी मेहनत घेतली तर पानंच्या पानं कोणतंही लिंग न उघड करता लिहिता येतात आणि कानाला कृत्रिम लागत नाहीत.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो तोडलेल्या वाक्यांवर. ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांनी 'टॉप गर्ल्स' (1982) सारख्या नाटकांत संवादात तिरकी रेघ (/) मारून, पुढच्या पात्राने इथे बोलायला सुरुवात करावी, असं दाखवलं. ही खूण आता बऱ्याच नाटककारांनी उचलली आहे. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येऊन जातं, त्यामुळे वाक्य मधेच तोडलं तरी अर्थ पोचतो. मराठीत क्रियापद शेवटी. रेघ त्याच जागी ठेवली तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही. रेघ हलवायला घाबरू नका. कधी बोलण्यातला उलटा क्रम वापरा: 'नको होतं मला ते घर, तुझ्या आईच्या...' असं आपण बोलतोच. आणि कधी हा अडसर फायद्याचा ठरतो:

'मी त्याला त्या रात्री स्टेशनवर...'
'पाहिलंस?'
'सोडलं.'

ही उत्कंठा मूळात नसेलही. ती हवी की नको, हे लेखक खोलीत असेल तर क्षणात ठरतं.

शिव्यांचं काम शब्दकोशावर सोडू नका. युरोपीय शिव्या देह, विष्ठा आणि धर्म यांच्याभोवती फिरतात, आपल्या आई-बहिणीवर आणि जातीवर. अर्थ न पाहता जोर मोजा: ही शिवी मित्रांमधली सैल आहे की थोबाडीत मारण्याइतकी? जातिवाचक शिवी मात्र वापरू नका. ती मूळ नाटकात नसलेला एक अख्खा इतिहास रंगमंचावर आणते.

बोलीबद्दलही माझं मत ठाम आहे. उत्तर इंग्लंडच्या कामगाराला मालवणी किंवा वऱ्हाडी बोलायला लावू नये. प्रेक्षकाच्या डोक्यात लगेच एक जिल्हा उभा राहतो, आणि व्यावसायिक रंगभूमीने लावलेल्या सवयीमुळे लोक हसू लागतात. वर्गातला फरक वाक्यांच्या लांबीतून, शब्दसाठ्यातून, कोण वाक्य पुरं करतं आणि कोण करू शकत नाही यातून दाखवता येतो.

नावं, पैसे, पदार्थ, रस्ते बदलू नका. 'शंभर युरो' म्हणजे जास्त की कमी, हे नटाच्या चेहऱ्यावरून कळतं.

खर्डा झाला की घड्याळ लावून एकट्याने मोठ्याने वाचा. मूळ प्रयोगाची लांबी लेखकाकडून विचारून घ्या. तुमचं वाचन त्याहून बरंच लांबत असेल तर कुठेतरी तुम्ही समजावून सांगत बसला आहात.

खोलीतले दिवस

आठवडाभर मिळाला तर असा वापरावा. पहिल्या दिवशी नटांनी मराठी खर्डा सलग वाचायचा, कुणी थांबवायचं नाही. त्याआधी लेखकाने एखादा प्रवेश आपल्या भाषेत वाचून दाखवावा. नटांना एक अक्षर कळलं नाही तरी चाल कळते: कुठे वेग आहे, कुठे पोकळी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रवेशागणिक काम. अनुवादकाने आपले प्रश्न आधीच क्रमांक घालून लिहून आणावेत, नटांचे प्रश्न त्यात मिळवत जावेत. नट ज्या ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळतो ती ओळ त्याची चूक नसून तुमचीच आहे असं धरून चाला. चौथा दिवस रिकामा ठेवा. अनुवादक आणि लेखक दोघांनीच बसून पानं दुरुस्त करायची. हा दिवस कापला की पुढचे सगळे फुकट जातात. पाचव्या दिवशी नवी पानं, सहाव्याला रंगीत वाचन, सातव्याला प्रेक्षक.

तीन गोष्टी इथे मोडतात. पहिली, अनुवादकालाच दुभाषा करणं. दिवसभर पाहुण्याचं बोलणं इकडून तिकडे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओळी ऐकूच येत नाहीत. दुभाषा वेगळा ठेवा. दुसरी, पानांचा गोंधळ. प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला, बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढा, आणि एकाच माणसाकडे मूळ प्रत ठेवा. तिसरी, दिग्दर्शकाचा उत्साह. या आठवड्यात हालचाली बसवायच्या नाहीत. नट उठून फिरायला लागले की संहितेतले दोष झाकले जातात.

अभिवाचनाला पाच-सहा नट, समोर संहितेचे स्टँड, रंगसूचना वाचायला एक वेगळा आवाज. रंगसूचना छाटा. प्रेक्षकाला दिसणं आवश्यक आहे तेवढ्याच वाचा. पुण्यात सुदर्शन रंगमंच, मुंबईत पृथ्वी यांसारखी जवळून ऐकण्याची जागा यासाठी उत्तम. नंतरच्या चर्चेत प्रेक्षकांना 'आवडलं का' असं विचारू नका. 'कोणती ओळ लक्षात राहिली?' आणि 'कुठे हरवलात?' या दोन प्रश्नांतून अनुवादकाला खरं काम मिळतं. नाटकाचा शेवट कसा हवा होता हे सांगू पाहणाऱ्याला सूत्रधाराने प्रेमाने थांबवावं.

उलट दिशेने

देवाणघेवाण म्हटल्यावर आपलं नाटकही बाहेर गेलं पाहिजे. 'घाशीराम कोतवाल' घेऊन पुण्याची थिएटर अकादमी 1980 साली युरोपात गेली. गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची ती भिंत समजायला मराठी येण्याची गरज नव्हती. त्याचा जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1984 साली प्रसिद्ध झाला. एक मराठी माणूस आणि महाराष्ट्राचा इतिहास जाणणारी एक अमेरिकन अभ्यासक, ही जोडी आजही नमुना म्हणून घ्यावी. बाहेर जाणाऱ्या नाटकाचा अंतिम हात त्या भाषेत रोज बोलणाऱ्याचाच हवा.

संवादप्रधान नाटकांची वाट जास्त कठीण. 'वाडा चिरेबंदी'तल्या देशपांड्यांच्या घरात कोण कोणाला कोणत्या नात्याने हाक मारतं, यावर अर्धं नाटक उभं आहे. 'वहिनी'च्या जागी नुसतं नाव घातलं की घर कोसळतं. नात्याच्या हाका मराठीतच ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक त्या शिकतो. मात्र अर्थ सांगणारी वाक्यं पात्रांच्या तोंडी घालू नका.

पाठवायच्या पाकिटात काय असावं? पूर्ण संहितेआधी दहा पानांचा उत्तम अनुवादित नमुना, अर्ध्या पानाचं कथासूत्र, पात्रांची संख्या आणि वय, लांबी, झालेल्या प्रयोगांची माहिती, आणि शक्य असल्यास उपशीर्षकं असलेलं चित्रीकरण. सोबत पात्रांच्या नावांचे उच्चार ध्वनिमुद्रित करून द्या. 'ळ', 'ज्ञ' आणि दोन्ही 'च' तिकडच्या नटाला कागदावरून कळणार नाहीत.

कुठे पाठवाल? फ्रान्समध्ये नाट्यानुवादासाठीच उभं राहिलेलं मेझों आंतवान व्हितेझ आणि पाँत-आ-मुसोंचा नव्या नाटकांचा उन्हाळी मेळावा, अमेरिकेत ओनील थिएटर सेंटर, तसंच स्त्री-नाटककारांची आंतरराष्ट्रीय परिषद, जी 2009 साली मुंबईत भरली होती. प्रत्येकाच्या अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षाचं निवेदन वाचूनच अर्ज करा. मुंबई आणि पुण्याची मॅक्स म्युलर भवनं (जर्मन सांस्कृतिक केंद्रं) आणि आलियाँस फ्राँसेज (फ्रेंच सांस्कृतिक केंद्रं) ही पहिली दारं. तिथल्या ग्रंथपालाला आणि कार्यक्रम अधिकाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा.

पैसा आणि नाव

अंदाजपत्रकात विमान, मुक्काम, रोजचा भत्ता, विमा, व्हिसा, जागा, दुभाषा, छपाई आणि सगळ्या नटांचं मानधन धरा. व्हिसाचा प्रकार वकिलातीकडून लेखी विचारून घ्या, निमंत्रणपत्रात काम, तारखा आणि खर्च कोण उचलणार हे स्पष्ट लिहा. पैसे कमी पडले की पहिली कात्री अनुवादकाच्या मानधनाला लागते. 'त्याला आवड आहे, तो करेल' असं म्हटलं जातं. हे थांबलं पाहिजे. पाहुण्या लेखकाला आपण विमानाने आणतो, शाल घालतो, आणि ज्याच्या शब्दांत आपण त्याला ऐकलं त्या माणसाचं नाव जाहिरातीत बारीक अक्षरात किंवा नाहीच. मानधनाचा निम्मा भाग पहिल्या खर्ड्याला आणि उरलेला खोलीतल्या कामाला जोडा, म्हणजे दोन्ही टप्प्यांचा मोबदला मिळेल. पुढे प्रयोग झाले तर प्रत्येक प्रयोगामागे अनुवादकाचा वाटा ठरवा. जाहिरात, तिकीट आणि तिसऱ्या घंटेनंतरची उद्घोषणा या तिन्ही ठिकाणी लेखकाच्या नावापाठोपाठ त्याचं नाव येईल, हेही त्याच करारात लिहून दोघांच्या सह्या घ्या.